दादरच्या पुलावरची चार मिनिटं: वेळापत्रक आखणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
लोकलचं वेळापत्रक आखणारे साहेब
(सेंट्रलचे आणि वेस्टर्नचे, दोघेही. एका खोलीत बसत नसाल तर वाचून झाल्यावर पत्र पलीकडे पाठवावं.)

विषय: माझं लग्न आणि त्यासाठी लागणारी चार मिनिटं.

साहेब, सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही. मी मात्र सकाळी उठल्यावर देवाच्या आधी तुमचं नाव घेतो. नाव माहीत नाही म्हणून पदाने घेतो, एवढंच. दात घासता घासता मोबाइलवर गाडी बघायची, वेळेवर असली की मनातल्या मनात तुम्हाला हात जोडायचे आणि डोंबिवलीचा जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढायचा, हा माझा नित्यनेम. आता डब्यात कुणकुण आहे की नवं वेळापत्रक येणार. कोणी सांगितलं ते विचारू नका, डब्यात बातमी कोण आणतो हे आजवर कोणाला कळलेलं नाही. बातमी खरी असो वा खोटी, तुमची पेन्सिल चालायच्या आत माझी बाजू कानावर घालावी म्हणून हा खटाटोप.

मी डोंबिवलीचा आणि ती वसईची.

एवढं वाचून तुम्ही खुर्चीत सावरून बसला असाल. पण पत्र खुलं आहे, मुंबईबाहेरचे लोकही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी सांगतो. डोंबिवली सेंट्रल लाइनवर, वसई वेस्टर्नवर, आणि एकीवरून दुसरीवर जायचं तर दादरला उतरून गाडी बदलायची. आमच्याकडे जात, गोत्र, पगार, टक्कल हे सगळं नंतर. आधी विचारतात, ‘कुठल्या लाइनला?’ नाडीदोष निघाला तर गुरुजी शांत सांगतात. मंगळ असला तर मंगळाचीच मुलगी शोधतात. लाइनदोषावर मात्र शांत नाही. मी घरी पहिल्यांदा विषय काढला तेव्हा आई पोळ्या करत होती. ‘वसई म्हणजे वेस्टर्न ना रे?’ एवढं तिने विचारलं आणि पोळी तव्यावरच राहिली. बाबांनी पेपरची घडी केली. ‘म्हणजे दर सणाला दादरचा वळसा,’ ते म्हणाले, आणि घडी उघडली. मुलुंडच्या आत्याने फोनवर सरळच विचारलं, ‘सेंट्रलला मुली संपल्या का?’

गंमत अशी की सेंट्रल आणि वेस्टर्न या दोन्ही रेल्वे एकाच दिवशी अस्तित्वात आल्या, ५ नोव्हेंबर १९५१ ला. म्हणजे या जुळ्या बहिणी. पत्रिका मांडली तर दोघींची एकच निघायची. आणि दादरला शेजारी शेजारी राहून एकमेकींकडे बघायला तयार नाहीत!

आमची ओळख फोनवर झाली. तिच्या कंपनीचं एक बिल आमच्या ऑफिसात अडकलं होतं आणि ती दर सोमवारी त्याची चौकशी करायची. तीन महिन्यांनी बिलाचा विषय मागे पडला, चौकशी चालू राहिली. मग भेटायचं ठरलं. साल २०२२, पावसाळा नुकताच संपलेला, शनिवार, संध्याकाळी सहा, दादर, एक नंबर.

साहेब, तुम्ही हसायला लागला असाल. मला त्या दिवशी हसू आलं नाही.

‘कुठे आहात?’
‘एक नंबरवर. तुम्ही?’
‘मीही एक नंबरवर.’
‘इंडिकेटरखाली या.’
‘इंडिकेटरखालीच आहे. निळा शर्ट.’
‘इथे निळे शर्ट चाळीस आहेत. मी पिवळ्या ओढणीत.’

पिवळी ओढणी मला दिसली. मी हसलो. ओढणीने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. वीस मिनिटं मी माझ्या एक नंबरवर येरझाऱ्या घातल्या, वीस मिनिटं तिने तिच्या. शेवटी एका बूटपॉलिशवाल्याला माझी दया आली. ‘कुठला एक नंबर, साहेब? आपला की वेस्टर्नचा?’

जन्मापासून सेंट्रलने फिरणाऱ्या माणसाला दुसराही एक नंबर असतो हे सुचत नाही. तिचंही तेच. मी धावत पूल चढलो, गर्दी कापत तिच्या एक नंबरवर पोहोचलो आणि फोन लावला. ती माझ्या एक नंबरवर उभी होती. तिलाही तिकडे कोणीतरी सांगितलं होतं, आणि तीही समंजस.

तेव्हा असं ठरलं की आता कोणीही समंजसपणा करायचा नाही, दोघांनी पुलाच्या मध्यावर यायचं आणि तिथून हलायचं नाही. पुलावर ती समोर आली. ओढणी पिवळी नव्हतीच, मोहरीच्या रंगाची होती. पहिलं वाक्य ती काय बोलली सांगू? ‘बिलाचं काय झालं?’

पुढे ९ डिसेंबर २०२३ पासून दादरचे फलाट सलग मोजायला लागले. एक ते सात वेस्टर्न, आठ ते चौदा सेंट्रल. आमचा एक नंबर आठ नंबर झाला. लोकांची सोय झाली, बाहेरगावच्या गाडीला बॅगा घेऊन चुकीच्या एक नंबरवर उभं राहणाऱ्यांचे हाल वाचले, हे सगळं मान्य. पण आमची पहिली भेट ‘एक नंबरवर’ ठरली होती हे आता पुढच्या पिढीला सांगायचं तर आधी फलाटांचा इतिहास सांगावा लागणार.

त्यानंतर आम्ही भेटत राहिलो ते स्टेशनातच. कंजूष म्हणा. पण एकदा मॉलमध्ये कॉफी घेतली. दोन कप, सहाशे साठ रुपये, आणि पोराने पंधराव्या मिनिटाला टेबल पुसायला घेतलं. प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांत दोन तास चालतं, साहेब. कोणी टेबल पुसत नाही, कारण टेबल नाही. पास असेल तर तेही दहा रुपये वाचतात. शिवाय एवढ्या गर्दीत कोणी कोणाकडे बघत नाही. डोंबिवलीत मी तिच्याबरोबर दुधाच्या डेअरीपर्यंत चाललो असतो तर आम्ही परतायच्या आत आईला कळलं असतं. दादरला ऐन संध्याकाळी हजारो माणसं अंगावरून गेली आणि एकानेही ‘कोणाची रे तू?’ विचारलं नाही.

आता मुद्द्याची चार मिनिटं.

माझं ऑफिस लोअर परळला. सकाळी ७.२३ ची फास्ट धरायची, दादरला उतरायचं, पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो पकडायची, प्रभादेवी, लोअर परळ. दोन स्टेशनं. सरळ मार्ग. तिचं ऑफिस चर्चगेटजवळ. ती येते विरारच्या फास्टने, आणि ही फास्ट दादरनंतर थांबते ती एकदम मुंबई सेंट्रलला. तर मी काय करतो, दादरला उतरून तिची फास्ट धरतो, माझं स्टेशन खिडकीतून मागे जाताना बघतो, मुंबई सेंट्रलला उतरतो आणि उलट्या स्लोने महालक्ष्मी, लोअर परळ असा परत येतो. इकडूनही दोन स्टेशनं, तिकडूनही दोन. त्यासाठी त्रैमासिक पास मुंबई सेंट्रलपर्यंत वाढवून घेतला आहे. इतर लोक प्रेमात अंगठी देतात.

माझी गाडी दादरला लागते आणि तिची लागते, या दोहोंत तुमच्या कागदावर चार मिनिटं आहेत. चार मिनिटांत मला गर्दीतून उतरायचं, जिना चढायचा, पूल कापायचा, जिना उतरायचा आणि बरोबर त्या डब्यासमोर उभं राहायचं. रोजच्या सरावाने मला कळलंय की जिन्याच्या डाव्या कडेने गेलं तर वीस सेकंद वाचतात, आणि पुलावर चाकाची बॅग ओढणारा पाहुणा पुढे आला तर पाऊण मिनिट जातं. गाडी दोन मिनिटं उशिरा आली तर धावून निभावतं. तीन मिनिटं आली तर तिच्या गाडीचा शेवटचा डबा बघायला मिळतो. पावसाळ्यात शीव-कुर्ल्याला पाणी भरलं की आमचा अबोलाच.

हे सगळं करून मिळतं काय? दादर ते मुंबई सेंट्रल, आठ-नऊ मिनिटं. तीही शेजारी बसून नव्हे. ती लेडीज डब्यात, मी लगतच्या जनरलमध्ये, आणि मध्ये जाळी. काही गाड्यांत ती जाळी असते, तुम्हाला माहीतच आहे. भेटीच्या दिवशी तुरुंगात बोलतात तसं बोलायचं. फरक इतकाच की तुरुंगात मागून कोणी ‘अरे भाई, अंदर चलो’ म्हणून कोपर मारत नाही.

जाळीपलीकडे ती एकटी नसते. तिच्या मैत्रिणींचा सातजणींचा ग्रुप आहे, वर्षानुवर्षं एकाच डब्यात, एकाच दारापाशी. तिच्या आईला कळायच्या दीड वर्ष आधी या सातजणींना माझ्याबद्दल सगळं माहीत होतं. विरारच्या एक ताई आहेत, त्या वसई ते बोरिवलीत अख्खा पावशेर मटार सोलतात. सोलता सोलता त्यांनी एकदा जाळीतून माझी मुलाखत घेतली.

‘डोंबिवलीला बसायला मिळतं?’
‘नाही ताई, उभाच येतो.’
‘मग आधी कल्याणला जाऊन बसून का येत नाहीस?’
‘इथे यायला उशीर होईल.’

ताईंनी मटाराची एक शेंग जाळीतून माझ्या हातात दिली. पुढे कळलं की तो होकार होता. बँकेतल्या एक काकू मात्र अजून म्हणतात की सेंट्रलचा माणूस म्हणजे जन्मभर वाट बघणं. त्यांची समजूत काढायला मी एक महिना रोज वेळेवर पोहोचून दाखवलं. यात तुमचाही हातभार होता, तेव्हा आभार.

आणि मग तो गुरुवार.

तिच्या बाबांची वसईला वाडी आहे, सोनचाफ्याची. वसईच्या फुलांचं आणि दादरचं नातं जुनं. पहाटेच्या गाडीने लगेजच्या डब्यातून करंड्या येतात, केशवसुत पुलाजवळच्या फुलबाजारात उतरतात, आणि आपण डोळे चोळतो तोवर माल खपूनही जातो. बाबा एरवी सातच्या आत परतीच्या गाडीत असतात, त्यामुळे आमच्या वेळा कधी भिडल्या नव्हत्या. तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. बाजार लांबला. मला काय दुर्बुद्धी सुचली, मी एक गाडी आधी आलो आणि बाहेर जाऊन सोनचाफ्याची पुडी घेतली.

ती गाडीतून क्षणभर फलाटावर उतरली, पुडी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाली, ‘ही आमच्या वाडीतली आहे. काल रात्री मीच बांधली.’ मी म्हटलं, कशावरून? तिने दोऱ्याची गाठ दाखवली. तेवढ्यात जिन्यावरून रिकाम्या करंड्या एकात एक घालून डोक्यावर घेतलेले एक गृहस्थ उतरले आणि आमच्यासमोर उभे राहिले. तिची गाडी तिला न घेता निघून गेली. जाळीतून चौदा डोळे लांब लांब होत गेले.

बाबांनी पुडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘कितीला घेतलीस?’
‘तीस रुपये, काका.’
‘मी पहाटे बारा रुपयांना दिली.’

यावर काय बोलणार?

‘लाइन?’
‘सेंट्रल.’
‘स्टेशन?’
‘डोंबिवली.’
‘फास्ट की स्लो?’
‘फास्ट.’

त्यांनी करंड्या खाली ठेवल्या. बराच वेळ विरारकडच्या इंडिकेटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘पुढच्या वेळी फुलं विकत घेऊ नकोस. हिच्याकडे माग.’

याला मी संमती समजलो. ती म्हणते की ते नफ्या-तोट्याबद्दल बोलत होते.

बैठकीसाठी आमच्या घरचे वसईला गेले तो रविवार होता. आता रविवार म्हटलं की सेंट्रलला मेगाब्लॉक आणि वेस्टर्नला जम्बो ब्लॉक. नावं वेगळी, गाडी नाही हा अर्थ एकच. आमच्या बाबांनी आदल्या रात्री चष्मा लावून अभ्यास केला आणि जाहीर केलं की आपण दादरला जायचंच नाही, कोपरहून दिवा-वसईची मेमू, म्हणजे थेट वसईला जाणारी कमी पल्ल्याची गाडी, धरायची. गर्भरेशमी साडी, नथ आणि हातात पेढ्यांचा बॉक्स अशी माझी आई कोपरच्या वरच्या फलाटावर उभी, हे दृश्य मी विसरणार नाही. ‘इतकी वर्षं डोंबिवलीत राहते, पण कोपरला वरही फलाट आहे हे आज कळलं,’ ती म्हणाली. भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र. खिडकीबाहेर खाडी, मिठागरं, बगळे. गाडीत बसायला जागा! आईने तीनदा विचारलं, ‘आपण मुंबईतच आहोत ना?’ चाळीसेक किलोमीटरवर जे गाव आहे तिथे मी चार वर्षं दादरला वळसा घालून प्रेम करत होतो.

पण मेमूच्या फेऱ्या दिवसाला बोटांवर मोजण्याइतक्या. चहापोहे झाले, पत्रिका झाली, वाडी बघून झाली, आणि बाबांनी घड्याळ बघितलं तर परतीच्या गाडीला अजून भरपूर अवकाश होता. आता दोन्ही बाजूंची माणसं समोरासमोर बसलेली, पोहे संपलेले, बोलणार काय? म्हणून देण्याघेण्याचं बोलून टाकलं. तरी वेळ उरला, म्हणून तारीख काढली. तरीही गाडी आली नव्हती, म्हणून जेवणाचा बेत ठरला, जिलेबी की श्रीखंड यावर मतभेद झाले आणि मिटलेही. त्या मार्गावर दर दहा मिनिटांनी गाडी असती तर आमचे बाबा ‘कळवतो’ म्हणून उठले असते, आणि कळवतो म्हणजे काय ते तुम्ही जाणता. साहेब, माझं लग्न जमवणारे मध्यस्थ तुम्हीच. मानाचा नारळ तुमचा.

घाटकोपर-अंधेरीवाल्यांचं नशीब चांगलं. २०१४ च्या जूनमध्ये मेट्रो सुरू झाली आणि दोन्ही लाइनींवरच्या कितीतरी जोडप्यांचं कल्याण झालं. आमचं कल्याण डोंबिवलीच्या पुढचं एक स्टेशन, एवढंच.

तर विनंती अशी. नवं वेळापत्रक आखाल तेव्हा आखा. फेऱ्या वाढवा, डबे बाराचे पंधरा करा, माझी काही हरकत नाही. फक्त माझी गाडी दादरला लागणं आणि तिची लागणं यांत जे चार मिनिटांचं अंतर आहे ते तसंच राहू द्या. तिची अलीकडे घ्यायची असेल तर माझीही तेवढीच अलीकडे घ्या. पलीकडे सरकवायची असेल तर मी सकाळी उगाच घाईत उठणार नाही, तोही फायदाच. दोन वेगवेगळ्या टेबलांवर दोन वेगवेगळे कागद असतात याची मला कल्पना आहे. म्हणूनच वर लिहिलंय, वाचून पलीकडे पाठवावं. चहाच्या वेळेला दोन कागद शेजारी ठेवून बघितले तरी माझं काम होईल.

लग्नाची पत्रिका सोबत जोडली आहे. कार्यालय मुद्दाम दादरला घेतलं, म्हणजे दोन्हीकडच्या पाहुण्यांना सारखाच त्रास. रविवार आहे. त्या दिवशी ब्लॉक कुठे असणार हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, पण तेवढं मागत नाही. आहेर आणू नये.

आपला नम्र,
एक डोंबिवलीकर
(७.२३ फास्ट, मधला जनरल डबा, दाराच्या उजव्या हाताला)

ता. क. पत्र तिला वाचायला दिलं. ती म्हणते, लग्नानंतर मीही डोंबिवलीला येणार, तर मग तुझ्या चार मिनिटांची गरज काय? मी म्हटलं खरंच की, तू सरळ सीएसएमटीला जा, तिथून चालत जाशील. त्यावर दोन मिनिटं ती बोलली नाही. मग म्हणाली, ‘आणि माझ्या सातजणींचं काय? मी दादरला उतरणार, पूल ओलांडणार आणि माझीच गाडी धरणार.’ शिवाय घरी वन रूम किचन, आई, बाबा, आम्ही दोघं आणि दहावीला बसलेला भाऊ. दोघांना मनातलं काही बोलायचं असेल तर तो पूलच बरा, असं तिचं म्हणणं. तेव्हा आता पूल दोघांनी ओलांडायचा आहे, आणि ती जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढत नाही. कृपया वर जिथे जिथे चार लिहिलं आहे तिथे तिथे पाच वाचावं.